झाड निवडताना आपला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरात आजारपण आले, नोकरी गेली, जवळचे माणूस गेले, की ‘निसर्गात रमा, चार झाडे लावा, मन हलके होईल’ हा सल्ला हटकून मिळतो. पुरवण्यांतले लेखही तेच सांगतात. सल्ला चुकीचा नाही, पण तो जिथे संपतो तिथून पुढेच खरे काम असते. उत्साहाच्या एखाद्या दुपारी डझनभर कुंड्या आणायच्या, महिन्याभरात त्यांतल्या बऱ्याचशा वाळायच्या आणि ‘आपल्याच्याने साधे झाडही जगत नाही’ असे नवे दुखणे मागे लावून घ्यायचे, हा क्रम बागकाम शिकवणाऱ्या कोणालाही पाठ असतो. म्हणून हे पत्र. किती, कसे, कधी आणि काय बिघडते, एवढेच त्यात आहे.

आमचा एकच आग्रह आहे. झाड असो, खताची बादली असो वा पक्ष्यांसाठीचे पाणी, ते आपल्या चांगल्या दिवसाच्या ताकदीवर निवडू नये. अंथरुणातून उठवतही नाही असे सलग दहा दिवस आले तर याचे काय होईल, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘मरेल’ असे येत असेल, तर तो व्याप आत्ता नको. या कसोटीवर नेचे, गुलाब, बोन्साय आणि बियांचे वाफे पहिल्याच फेरीत बाद होतात. स्नेक प्लांट उतरते, कारण त्याच्या जाड पानांत पाण्याचा साठा असतो आणि दोन-तीन आठवडे कोणी फिरकले नाही तरी त्याला फरक पडत नाही. मनी प्लांट उतरतो, शिवाय तो बोलतो: तहान लागली की पाने मलूल होतात आणि पाणी दिल्यावर काही तासांत पुन्हा ताठ होतात. दिलेल्याचे फळ त्याच दिवशी डोळ्यांना दिसावे, ही गोष्ट पडत्या काळात फार मोलाची आहे. मात्र या दोन्ही झाडांची पाने पोटात गेली तर त्रास देतात. मनी प्लांटच्या रसातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तोंडात आग करतात. घरात रांगते मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर स्पायडर प्लांट घ्यावे. ते निरुपद्रवी आहे.

संख्या एक. दोन नव्हे. पहिले झाड तीन महिने टिकले की मग दुसरे.

जबाबदारीचा हा मुद्दा आमच्या मनचा नाही. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात केलेल्या प्रयोगात दोन मजल्यांवरच्या वृद्धांना झाडे दिली होती. एका मजल्यावर झाड त्यांनी स्वतः निवडायचे आणि सांभाळायचे होते. दुसऱ्यावर झाड हातात दिले, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. पहिल्या गटातले लोक अधिक सजग आणि आनंदी आढळले. त्या गटाला दिवसातल्या इतर निवडीही दिल्या होत्या, त्यामुळे सगळे श्रेय झाडाला देता येत नाही. पण निदान एवढे कळते, की झाड नुसते समोर असणे वेगळे आणि ते आपल्या हाती असणे वेगळे. आजारी माणसाच्या उशाशी कुंडी ठेवून तिला पाणी मात्र दुसऱ्यानेच घालायचे, ही माया त्याच्या हातातले काम काढून घेते.

आता कुंडी. २० ते २५ सें.मी. व्यासाची, तळाला किमान एक सें.मी.ची तीन-चार भोके असलेली. भोक नसलेली शोभेची कुंडी ही झाड मरण्याच्या मुख्य कारणांपैकी एक आहे. दुसरे म्हणजे तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर देण्याची जुनी सवय. त्याने पाणी चांगले निथळते असा समज आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. बारीक मातीतले पाणी तिच्याखालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते वरच अडकून राहते. खडी घातली की हा चिखलाचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरे. मिश्रण समान भागांत: एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगले कुजलेले खत. माती चिकण असेल तर तिच्यातली निम्मी कमी करून जाडसर रेती मिसळावी. नुसती जमिनीतली माती कुंडीत भरू नये. दोन महिन्यांत ती दगडासारखी घट्ट बसते आणि पाणी कडेने पळून जाते.

पाण्यावर थोडे थांबतो, कारण घरातली झाडे तहानेने मरतात त्यापेक्षा अधिक प्रेमाने मरतात. दुःखात असलेल्या माणसाला काहीतरी करायचे असते, म्हणून तो रोज पाणी घालतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. परिणामी भरपूर पाण्यात उभे असलेले झाड तहानलेल्या झाडासारखेच मान टाकते. माणूस आणखी पाणी घालतो. संपले. म्हणून मलूल झाड दिसले की हात आधी झारीकडे नव्हे, मातीकडे जावा. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावे. बोटाला माती चिकटून आली तर थांबावे, कोरडी लागली तर पाणी द्यावे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ना चिखल ना धूळ, ती अवस्था कुंडीतही ओळखता येते. स्नेक प्लांटची कुंडी मात्र तळापर्यंत सुकू द्यावी. काही आठवड्यांत कुंडी जराशी उचलून वजनावरूनही अंदाज येऊ लागतो.

द्यायचे तेव्हा पोटभर द्यावे, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. अर्ध्या तासाने ताटलीतले पाणी ओतून टाकावे. रोज कपभर शिंपडल्याने वरचा थरच ओला राहतो, मुळे वरच घुटमळतात आणि त्या ओल्या थरात चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या अंडी घालतात. त्या आल्या तर औषधाच्या मागे न लागता वरचे तीन सें.मी. पूर्ण सुकू द्यावेत आणि पिवळा चिकट कागद लावावा. पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर ओल्या कापडाने पुसावेत, जास्त असतील तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मि.ली. निंबोळी तेल आणि १-२ मि.ली. द्रवरूप साबण ढवळून संध्याकाळी फवारावे, तेही आधी एका पानावर करून, दोन दिवस वाट पाहून. आणि ‘पाणी घाला’ असा रोजचा गजर मोबाइलवर लावू नये. ‘माती बघा’ असा लावावा, दर चार दिवसांनी.

उजेडासाठी मीटर लागत नाही. भर दुपारी झाडाच्या जागी कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवर हात धरावा. सावली रेखीव पडली तर उजेड कडक, अंधूक पडली तर मध्यम, पडलीच नाही तर तिथे झाड तग धरेल पण वाढणार नाही. आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते कारण डोळे जुळवून घेतात. झाडाला ती सोय नाही. खिडकीपासून दोन मीटर आत गेल्यावर उजेड खिडकीजवळच्या कितीतरी पटींनी कमी झालेला असतो. टेबलावर शोभते म्हणून झाड कोपऱ्यात ठेवले, की वाढ मंदावते, पाणी कमी खर्ची पडते आणि पुन्हा तीच मुळे कुजण्याची कथा.

ज्यांना एवढेही नको वाटते त्यांच्यासाठी मनी प्लांटची एक फांदी आणि एक काचेचा ग्लास. पान जिथून फुटते त्या पेराच्या एक सें.मी. खाली काप घ्यावा. एक-दोन पेरे पाण्यात आणि पाने सगळी पाण्याबाहेर राहतील असे पाहावे. बुडालेले पान सडते आणि पाण्याला वास मारतो. पाणी दर चार दिवसांनी बदलावे. थेट उन्हात ठेवू नये, शेवाळ धरते. साधारण दहा ते वीस दिवसांत पेराजवळच्या तपकिरी गाठीतून पांढरे मूळ बाहेर पडते. ते काचेतून रोज दिसते, मोजता येते, आणि ते लांबवण्यासाठी आपल्याला काहीही करावे लागत नाही. मुळे पाच सें.मी. झाली की मातीत लावावे. फार लांबू दिली तर ती पाण्यालाच सरावतात आणि मातीत गेल्यावर रुसतात. लावल्यावर पहिले दोन आठवडे माती सतत ओलसर ठेवावी. वरच्या नियमाला हा एवढाच अपवाद.

दहा दिवसांच्या कसोटीला सगळ्यांत छान उतरते ते मात्र झाड नव्हेच, खताची बादली. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर तिच्यातले काही मरत नाही, काम फक्त मंदावते. शिवाय स्वयंपाकघरातून रोज काहीतरी फेकले जाते, त्यामुळे ‘आज काय करू’ हा प्रश्नही उरत नाही. वीस लिटरची झाकणाची बादली घ्यावी, बाजूंना दहा-दहा सें.मी.वर ८-१० मि.मी.ची भोके पाडावीत, तळाला पाच-सहा, खाली ताटली. तळाशी दहा सें.मी. पालापाचोळा. मग भाज्यांची साले, देठ, चहाचा चोथा दोन-तीन सें.मी.चे तुकडे करून घालावा आणि दर मूठभर ओल्यावर दोन ते तीन मुठी सुके: वाळली पाने, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा (भुसा थोडाच, तो फार हळू कुजतो). कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात हवे असते; ओल्यात नत्र जास्त, सुक्यात कर्ब. मुठींचा हिशेब त्यासाठी. चुकतो तो प्रत्येक जण ओल्याच्या बाजूने चुकतो, म्हणून सुक्या पानांची गोणी बादलीच्या शेजारीच ठेवावी. ती दूर असली की आज राहू दे, उद्या घालू, असे होते आणि तिसऱ्या दिवशी वास सुटतो.

हा वास मात्र शिक्षक आहे. नाकाला झोंबणारा अमोनियासारखा आला तर नत्र जास्त झाले: सुके घालून कालवा. सडक्या अंड्यासारखा आला तर हवा कोंडली, पाणी फार झाले: सगळे उलथेपालथे करून फाडलेला पुठ्ठा मिसळा आणि झाकण दिवसभर किलकिले ठेवा. वासच नाही आणि काही घडतही नाही, तर कोरडे पडले असेल: पाणी शिंपडा. ओल योग्य आहे का हे मुठीत दाबून कळते. पिळलेल्या स्पंजाइतकी ओल असावी, बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. आठवड्यातून दोनदा कालवावे. पांढरी बुरशी दिसली तर ती काम करते आहे, घाबरू नये. राखाडी जाड अळ्या दिसल्या तर बहुधा त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. ओंगळ दिसतात, पण काम वेगाने उरकतात. नकोच असतील तर वर सुक्याचा जाड थर द्यावा.

मांस, मासे, तेलकट शिजलेले अन्न आणि रोगट झाडे या बादलीत नकोत. खताचा मोठा ढीग, साधारण एक घनमीटरचा, आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि रोगजंतू व तणाचे बी मारतो. वीस लिटरची बादली तेवढी तापत नाही. तिची उष्णता कडांतून निघून जाते. दोन ते तीन महिन्यांत खाली काळसर, भुसभुशीत खत जमते. मूठभर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांनी उघडावे. आंबूस वास आला तर अजून कच्चे आहे. पहिल्या पावसासारखा आला तर तयार. तो वास जिओस्मिनचा, मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या संयुगाचा. माणसाचे नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे, लाख कोटी भागांत मोजके काही भाग असले तरी त्याला कळते. आपण मृद्गंध म्हणतो त्याला शास्त्राच्या भाषेत ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दिले.

ज्यांना हात चालवणे शक्यच नाही, त्यांचे काय? खिडकी. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, निम्म्यांना खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा, भिंतवाल्यांचा ८.७०; तीव्र वेदनाशामकेही पहिल्यांना कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण पलंगाची दिशा बदलायला खर्च येत नाही. उशी खिडकीच्या समोरच्या बाजूला घ्यावी, आणि दिसणाऱ्या झाडाची एकच फांदी ठरवून घ्यावी. रोज ठरलेल्या वेळी, दहा मिनिटे, तीच फांदी. वहीत एक ओळ: तारीख, पालवी, कळी, गळलेली पाने, आलेला पक्षी. काहीच बदलले नसेल तर ‘काही नाही’ असे लिहावे; तीही नोंदच आहे. इंग्लंडमधल्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये अशाच ऋतुनोंदी सुरू केल्या, आणि त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालवल्या. आपल्याला दोन आठवडे पुरेत. फोटो काढण्यापेक्षा लिहिणे किंवा वेडेवाकडे चित्र काढणे बरे. फोटो काढला की बघणे थांबते, असे आमचे मत आहे. कोणी असहमत असेल तर वाद नाही.

बाहेर पडता येत असेल त्यांच्यासाठी आठवड्याला १२० मिनिटे हा आकडा अलीकडे ऐकू येतो. तो २०१९ च्या, इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीतला आहे. एवढा वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही: बरे वाटणारी माणसेच बाहेर जास्त जातात, हेही खरे असू शकते. म्हणून १२० चे ओझे घेऊ नये. दहा मिनिटांपासून सुरू करावे.

अतिशयोक्तीबद्दलही लिहायला हवे. घरातली झाडे हवा शुद्ध करतात, हा दावा नासाच्या १९८९ च्या अभ्यासावर उभा आहे. तो बंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसले, की नेहमीच्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. खिडकी उघडा, ते सोपे. आणि झाड हे औषध नव्हे. झोप-भूक उडाली आहे, कशातच मन लागत नाही, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर कुंडी बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे. दुसऱ्या बाबतीत त्याच दिवशी. केमोथेरपी घेणाऱ्या किंवा अवयवरोपण झालेल्या व्यक्तींनी माती आणि खत डॉक्टरांना विचारल्याशिवाय हाताळू नये, त्यातल्या बुरशा व जंतू त्यांना घातक ठरू शकतात. इतरांनीही खताची पिशवी तोंडाजवळ धरून फाडू नये, धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडावे, हातमोजे घालावेत आणि धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी.

हिरव्या राहणीच्या नावाखाली बांबूच्या आणि काचेच्या नव्या वस्तू घेण्याचा जो उत्साह येतो, तो ओढगस्तीच्या दिवसांत तर नकोच. घरात आहे ते वापरून संपवणे हीच हिरवी राहणी. एक काम हमखास समाधान देणारे सुचवतो: ठिबकणारा नळ. त्याखाली तासभर भांडे ठेवून पाणी मोजावे, २४ ने गुणावे; दिवसाचा आकडा बघून उठावेसे वाटते. दोष बहुतेकदा झिजलेल्या वॉशरचा असतो. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, नळ उघडून उरलेले पाणी काढून टाकल्यावरच नळ खोलावा, आणि जुना वॉशर सोबत नेऊनच त्या मापाचा नवा घ्यावा.

शेवटी, झाड मेले तर. काही मरतातच, तरबेज हातांतलीही. फेकण्याआधी कुंडीतून बाहेर काढून मुळे बघावीत. तपकिरी, मऊ, दाबली की साल निसटणारी असतील तर पाणी जास्त झाले. कडकड मोडणारी, कोरडी असतील तर कमी पडले. मुळे पांढरी आणि घट्ट असतील तर ते मेलेलेच नाही, खोड जमिनीलगत कापून कुंडी उजेडात ठेवावी आणि महिनाभर वाट पाहावी. मुळे कुजलेली असतील तर ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये, बादलीतही घालू नये. रिकामी कुंडी घासून धुवावी, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत दहा मिनिटे बुडवावी, स्वच्छ पाण्याने विसळून उन्हात वाळवावी. पुढची फांदी तोवर ग्लासात ठेवता येते.

आपले,
बागकाम आणि घरगुती खतनिर्मिती शिकवणारे काही वाचक